तीन नंबरच्या मशीनचं कुंकू

क्लीनरूममधी पहिल्यांदा पाय टाकला तवा मला वाटलं, आपन मेलो आन ढगात आलो. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, बाया पांढऱ्या, कुनाचं तोंड दिसंना, निस्ते डोळे. माशी न्हाई, वास न्हाई, बाहेरच्या टेम्पोचा आवाज न्हाई. वरच्या जाळीतनं हवा येती ती सारखी खाली उतरत असती, पन झोंबत न्हाई, लहानपनी न्हाऊ घातल्यावर आई अंगावरनं पदर फिरवायची तशी फिरती. मला रडूच आलं. शेजारची बाई डोळ्यानंच दटावून म्हनाली, "रडू नको, हितं डोळ्यातलं पानी बी चालत न्हाई."

हे लिहा म्हनून आमच्या कारखान्यातल्या शीतलमॅडमनी सांगितलं. मी म्हनलं, मॅडम, मी नववी शिकलेली, मिरजगावच्या शाळेत, दहावीच्या आधी लगीन झालं, मला ऱ्हस्व-दीर्घ कळत न्हाई, लोकं हसतील. त्या म्हनाल्या, "जसं बोलता तसं लिहा, फक्त मधे थांबू नका." म्हनून मी थांबत न्हाई. थांबले की भ्या वाटतं.

तर आमी बनवतो सलाईनची नळी. बाटली वर टांगलेली असती आन सुई हातात असती, त्या दोन्हीच्या मधी जी नळी असती ती. तिला वरच्या अंगाला एक बारकी काचेसारखी कुपी असती, त्यात थेंब पडताना दिसतो. नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना हाय, लहानच हाय, पन आतल्या खोलीत चाळीस बाया बसत्यात. कोन नळी कापती, कोन कुपी चिकटवती, कोन गुंडाळी करती. मी शेवटाला. गुंडाळी पाकिटात घालायची, पाकीट मशीनच्या जबड्यात धरायचं, जबडा गरम असतो, तो मिटला की पाकीट बंद. तीन नंबरचं मशीन माझं. त्याच्या जबड्याला बारीक दाते हायेत, त्यातला कडेचा एक झिजलाय, म्हनून माझ्या पाकिटाच्या कडेला एक दात कमी उमटतो. गळत न्हाई, टेस्टला पास हाय. पन माझं पाकीट मी हजारात वळखते. आपल्या लेकराचा दात पडलेला असावा तसं.

एकदा बंद झालं की पाकीट परत कुनी उघडत न्हाई. डायरेक दवाखान्यात, सिस्टरच्या हातात उघडतं. म्हंजे त्याच्या आत शेवटचं बघनारी मी. हे मला मॅडमनी सांगितलं. आन तेव्हापास्नं मी काम करता करता सपनं बघायला लागले. जबडा मिटायचा, उघडायचा, मिटायचा, आन मला दिसायचं, हे पाकीट अकोले तालुक्याच्या डोंगरात कुठं जीपमधनं चाललंय, हे कुनाच्या म्हातारीला लागंल, हे कुन्या बाळंतिनीला. मला कोन वळखत न्हाई, पन माझ्या हाताचं त्यांच्या हाताला लागतंय. असं वाटलं की दिवस कवा सरायचा कळायचं न्हाई.

आत जायचं म्हंजे लई सोपस्कार. बाहेरच्या खोलीत बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र काढून लॉकरात ठेवायचं, टिकली काढायची, कुंकू पुसायचं, मग पांढरा झगा, टोपी, तोंडाला मास्क, हातमोजे, पायात कारखान्याचे मोजे. पहिल्यांदा मंगळसूत्र काढलं तवा मी ते मुठीत धरूनच उभी राहिले. दाराशी कमळमावशी उभ्या असायच्या. त्या वीस वर्षं तितल्या. नखं बघायच्या, कान बघायच्या, आन प्रत्येकीचे मोजे काढून उलटे करून झटकायला लावायच्या. त्यांनी मला बघितलं आन म्हनाल्या, "मने, हितं आत जाताना कुनी कुनाची बायको नसती. बाहेर आली की परत हो."

शीतलमॅडम मी लागल्यावर वरसाभरानं आल्या. माझ्याच वयाच्या, बेलापूरच्या. घरात शिकलेलं पहिलंच मानूस. आठवडाभर कारखान्यात कागद तपासायच्या आन शनिवारी दुपारी बॅग घेऊन एस्टीनं पुन्याला, कालेजात. मास्टर डिग्री करत हुत्या. कशाची म्हनून मी विचारलं तर त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं ते माझ्या तोंडात बसंना. मग म्हनाल्या, "मनीषाताई, असं बघा. नळी असो, औषध असो, हृदयात बसवायची झडप असो, माणसाला लावायच्या आधी ते लावण्यासारखं आहे का, हे कुणी आणि कसं ठरवायचं? त्याचे नियम कसे करायचे? त्याचं शिक्षण."

मी म्हनलं, "म्हंजे सून घरात घ्यायच्या आधी चौकशी करत्यात तसं."

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "अगदी तसंच. आणि घरात घेतल्यावरही चौकशी चालूच."

"मग माझ्या सासूबाईंना तुमच्या कालेजात घ्या, त्या पहिल्या येतील."

त्या दिवसापास्नं आमची गट्टी झाली. जेवायच्या सुट्टीत त्या माझ्या डब्यातली शेंगदान्याची चटनी खायच्या आन मला त्यांच्या पुस्तकातलं सांगायच्या. मला समदं कळायचं न्हाई, पन ऐकायला गोड लागायचं. कुठल्या तरी देशात एका गोळीनं लेकरं अधू झाली, मग कायदा झाला. कुठं मशीन बिघडलं, मग नियम झाला. त्या म्हनायच्या, "प्रत्येक नियमाच्या खाली कुणीतरी झोपलेलं असतं." मी घरी जाऊन माझ्या ईश्वरीला थोपटताना तेच आठवत बसायचे. ती तवा दोन वरसाची हुती.

डिग्रीच्या शेवटाला एक प्रबंध लिहावा लागतो. मॅडमचा विषय हुता चुका. आमच्याकडं एक वही असती, ठरल्यापेक्षा काय येगळं घडलं की तिच्यात लिहायचं, का घडलं ते बी लिहायचं. आमची वही तीन वरसं कोरी. कारखान्याचे साहेब तिला पावन्यांना दावायचे, बघा, आमच्याकडं चूकच न्हाई. मॅडमनी ती वही कालेजात सांगितली तर त्यांचे सर म्हनाले, कोरी वही म्हंजे चूक होत न्हाई असं न्हवं, चूक दबती. मग मॅडम आमच्यात फिरायला लागल्या. "ताई, एखादी चूक सांगा ना. नाव नाही लिहिणार."

बाया एकमेकींकडं बघायच्या. "आमी चुकतच न्हाई, मॅडम. लगीन केलं तेवढंच चुकलं."

मॅडम हसायच्या आन वही मिटायच्या. शनिवारी एस्टीला रिकामीच बॅग घेऊन जायच्या.

मग खंडेनवमी आली.

आमच्यात खंडेनवमीला हत्याराची पूजा करत्यात. माझा बाप विळा-खुरपं धुऊन मांडायचा, आमचे हे टेम्पोला हार घालत्यात, सासूबाई जुन्या शिलाई मशीनला बी कुंकू लावत्यात, म्हनत्यात, तिनं माझी लेकरं जगवली. कारखान्यात बी पूजा असती, पन ती बाहेर, जनरेटरची, कॉम्प्रेसरची, साहेबाच्या गाडीची. नारळ, पेढे, समदं बाहेर. आतल्या मशीनला काईच न्हाई. आत कुंकवाला बंदी. मला आदल्या वरसापास्नं ते लागून राहिलं हुतं. ज्या जबड्यानं माझं घर चालतं त्याच्या कपाळाला बोट न्हाई, आन साहेबाच्या गाडीला येवढा मोठा हार. मला वाटायचं, ते रुसलंय. मधीच अडकायचं तवा वाटायचं, उपाशी ठेवलंस ना मला.

मॅडम त्या दिवशी सुट्टीवर. त्यांच्या घरचे समदे दसऱ्याला नागपूरला जात्यात, त्या बी गेल्त्या. मी घरनं चिमूटभर कुंकवाची पुडी बांधली, कागदाची, नखाएवढी, आन मोज्यात घातली. कमळमावशीपुढं आले. मोजे झटकायला वाकले, तर मावशी म्हनाल्या, "जा गं, तुझं काय बघायचं. सन हाय आज." माझ्यावर भरोसा हुता त्यांचा.

आत मशीनं चालू व्हायच्या आधी दोन मिनिटं असत्यात. मी पाठमोरी होऊन पुडी सोडली, हातमोज्याच्या बोटानं मशीनच्या कपाळाला कुंकू लावलं, आन हात जोडले.

वरच्या हवेचं माझ्या ध्यानातच न्हवतं. घरी कुंकू लावलं की लावल्या जागी ऱ्हातं. हितं ती हवा सारखी उतरत असती. माझ्या डोळ्यांदेखत ते कुंकू उठलं. उडालं न्हाई, उठलं, हळू, धुक्यासारखं, गुलाबी, दिव्याच्या उजेडात तरंगलं, आन असं देखनं दिसलं की मी बघतच राहिले. मग ते पसरलं आन दिसंनासं झालं. मी बाहीनं मशीन पुसलं, मास्क सरकवून पुडी गिळली. खरंच गिळली. घंटी झाली, जबडा मिटायला लागला, आन मी दिवसभर पाकिटं बंद करत राहिले.

कुनाला काई कळलं न्हाई.

माल झाला की त्याला गॅस देत्यात, त्यानं जंतू मरत्यात. मग नमुने तपासनीत चौदा दिवस ठेवत्यात, तवर माल जाळीच्या आत, पिवळी पट्टी लावून. चौदा दिवसांनी पट्टी निघती आन गाडी भरती. मी दिवस मोजायला लागले. सपनं आता बी पडायची, पन त्यात प्रत्येक नळीतनं गुलाबी धूर निघायचा.

सहाव्या दिवशी ईश्वरीला ताप आला, उलट्या झाल्या, लेकरू पार मलूल. सकाळीच दवाखान्यात घातलं. सिस्टरनी बाटली टांगली, पाकीट फाडलं, आन मी बघितलं. कडेला एक दात कमी. माझं पाकीट. तीन नंबर.

मी ते कचऱ्याच्या डब्यातनं उचललं, सिस्टर ओरडली, मी ऐकलं न्हाई, लॉट नंबर बघितला, माल कवाचा ते त्यावरनं कळतं. जुना हुता, खंडेनवमीच्या लई आधीचा. मी तितंच खाली बसले. सुटले असं वाटलं. दुपारभर ईश्वरीच्या उशाशी बसून मी त्या कुपीकडं बघत राहिले, थेंब तयार व्हायचा, जड व्हायचा, सुटायचा, परत दुसरा. खिडकीतनं ऊन यायचं आन प्रत्येक थेंबात एक बारकी खिडकी दिसायची. थेंब मोजता मोजता तिच्या गालाला रंग आला. आन मग माझ्या मनात आलं, पुढल्या महिन्यात ह्याच खाटेवर दुसरी कोन तरी बसलेली असंल. ती बी थेंब बघंल. तिला काईच ठाऊक नसंल.

यांना सांगितलं. हे म्हनाले, "गप ऱ्हा. कुनाला ठाऊक हाय?"

"मला ठाऊक हाय."

"नोकरी जाईल. मावशीची बी जाईल."

ते खरंच हुतं. मी आनखी तीन दिवस गप राहिले, त्याची मला अजून लाज वाटती. ईश्वरी घरी आली, खेळायला लागली, माझ्या टिकल्यांची पाकिटं काढून बाहुलीच्या कपाळाला लावत बसली, ते मला बघवंना. दहाव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी मॅडमच्या टेबलाशी गेले आन एका दमात सांगून टाकलं, मोजा, पुडी, हवा, समदं. मावशीनी झटकून बघितलं न्हाई ते बी तोंडातनं निघून गेलं.

मॅडमनी डबा बाजूला सारला. मग म्हनाल्या, "गॅसनं जंतू मरतील, ताई. पण कण मरत नाही, तो नळीतून रक्तात जातो."

"म्हनूनच आले."

त्यांनी ती वही काढली. कोरी, कडक. "मी नाही लिहिणार. तुमची आहे ही. तुमच्या हातानं लिहा."

दोन चौकोन हुते. काय घडलं. का घडलं. पहिला मी भरला. दुसऱ्यापाशी अडले, मग लिहिलं, 'मशीन उपाशी राहील असं वाटलं.' खाली सही केली. येवढी हळू सही मी लग्नाच्या कागदावर बी केली न्हवती.

साहेबांनी बोलावलं. मी दारातच उभी. साहेब मॅडमला म्हनाले, "हे कसलं कारण? खोडा. कामगाराचा निष्काळजीपणा, असं लिहा, बाईला काढा, विषय संपवा."

मॅडम म्हनाल्या, "सर, वहीत खोडता येत नाही. आणि निष्काळजी बाई पुडी मोज्यातून आणत नाही. फार काळजी घेऊन केलेली चूक आहे ही. हिला काढलं तर पुढच्या वर्षी दुसरी आणेल, आणि ती सांगायला येणार नाही."

"माल चांगला असला तर?"

"उघडून बघू. मग तुम्हीच ठरवा."

माल उघडला. मोठ्या दिव्याखाली पांढरं टेबल, त्यावर एकेक पाकीट, मॅडम, दोन तपासनीस आन मी. माझ्याच हाताची पाकिटं मी माझ्याच हातानं फाडत हुते. सकाळ गेली, काईच न्हाई. साहेब दोनदा येऊन गेले. मला वाटायला लागलं, सपनच पडलं असंल. चहाच्या वक्ताला एका नळीच्या टोपनापाशी कन दिसला. तांबडा. कपाळावर लावला तर दिसनार बी न्हाई येवढा, पन त्या दिव्याखाली उगवत्या सूर्यासारखा. साहेबांनी वाकून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग म्हनाले, "सगळा लॉट नष्ट करा."

मला तीन आठवडे घरी बसवलं. मावशीला दारावरनं काढून मागच्या अंगनात झाडायला लावलं. वीस वरसं दारात उभं राहिलेलं मानूस. मी परत कामाला आले तवा त्या खराटा घेऊन समोरनं गेल्या, बघितलं बी न्हाई. मी हाक मारली, "मावशी." त्या म्हनाल्या, "मी तुझे मोजे झटकायला लावनारी न्हाई आता," आन पालापाचोळा गोळा करायला लागल्या. मी चूक सांगितली त्याचं मला कवाच वाईट वाटलं न्हाई. पन मावशीचं बोलायच्या आधी मी त्यांना जाऊन सांगायला पायजे हुतं. ते राहिलं.

मजा अशी की वही मग भरायला लागली. एकीनं लिहिलं, चष्मा धुक्यानं भरतो म्हनून नळी अंदाजानं कापली. एकीनं लिहिलं, लेकराला पाजायची वेळ झाली की हात घाई करतो. मॅडम दर शनिवारी भरल्या बॅगेनं पुन्याला जायला लागल्या. त्यांनी प्रबंधात लिहिलं, मला वाचून दावलं, इंग्रजीत हुतं, त्याचं मराठी करून सांगितलं. नियमात मानसाच्या मनाला जागा ठेवली न्हाई, तर ते मन मोज्यातनं आत येतं. मी म्हनलं, मॅडम, हे तुमी लिहिलं? त्या म्हनाल्या, "दोघींनी." तोंडी परीक्षेला त्यांच्या सरांनी विचारलं, कुंकू ह्या विषयात कसं बसतं? मॅडम म्हनाल्या, कन बसतो तर कुंकू बी बसतंय. डिग्री मिळाली. त्यांनी पेढे आनले, पहिला मागच्या अंगनात नेऊन मावशीला दिला. काय बोलल्या ठाऊक न्हाई, लई वेळ बोलत हुत्या.

ह्या वरसाच्या खंडेनवमीची गोष्ट सांगते आन संपवते.

मॅडमनी एक नवा नियम केला, साहेबाची सही घेतली, मराठीत टाइप करून बाहेरच्या खोलीत लावला. प्रत्येक मशीनच्या नंबराची पत्र्याची पाटी बनवली, एक ते बारा, आन त्या पाट्या खंडेनवमीला बाहेरच्या भिंतीला मांडायच्या. ज्या बाईचं मशीन, तिनं तिच्या पाटीला कुंकू लावायचं, पेढा ठेवायचा, मग हात धुऊन, पुसून आत. पाटी आत जात न्हाई, मशीन बाहेर येत न्हाई, आन तरी बी पूजा होती. मी बाहेर आले तर बाया वळीनं उभ्या, नव्या साड्यांत, बांगड्या वाजत्यात, पाट्यांवर झेंडूची फुलं. खोलीत हवा स्थिर हुती. कुंकू लावल्या जागी राहात हुतं.

तीन नंबरची पाटी मात्र आधीच कुंकवानं भरलेली. कुनीतरी माझ्या आधी लावलं हुतं, चांगलं ठसठशीत, अंगठ्यानं.

मी इकडं-तिकडं बघितलं. दाराशी कमळमावशी उभ्या हुत्या, परत दारावर नेमलेल्या, आपल्या जुन्या जागेवर, पांढऱ्या टोपीत. त्यांचा अंगठा तांबडा हुता, तो त्या फडक्यानं पुसत हुत्या.

मी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र लॉकरात ठेवलं, कुंकू पुसलं, आन त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. हात पुढं केले. त्यांनी नखं बघितली, कान बघितले, लई सावकाश.

मग म्हनाल्या, "मोजे काढ. उलटे कर. झटक."

मी झटकले. परत झटकले. काईच पडलं न्हाई.

"जा," म्हनाल्या, आन दार उघडलं.